एका दिवसाचा परवाना

सोमवार, ३ मार्च

मिळाला! तीन अर्ज, दोन स्मरणपत्रं आणि एका कारकुनाचं रोजचं "बघू" — एवढ्यावर परवाना हातात आला. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर शिक्का, शिक्क्याखाली टाइप केलेलं — 'फक्त ९ ऑक्टोबर'. चाळीस वर्षं कुलपात असलेले राष्ट्राध्यक्षांचे कागद मला बघता येणार, पण एकाच दिवसाचे. आदल्या दिवसाचं नाही, दुसऱ्या दिवसाचं नाही.

एकच दिवस हवाय मला.

तीन आठवड्यांची रजा टाकली. विभागप्रमुख म्हणाले, "वेळापत्रकातल्या बाईच नसल्या तर शहरातल्या बस उभ्या राहतील." म्हटलं, तशाही उभ्याच असतात.

बाबांना सांगितलं नाही. ऑफिसचं काम आहे, दप्तरखान्यात जाते, एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. अठ्ठ्याहत्तरचे झाले, पण मला खोटं बोलताना अजून अचूक पकडतात. आज काही बोलले नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

सरकारी दप्तरखाना. वाचनाच्या खोलीत सहा टेबलं, वाचणारी मी एकटी. खिडक्या उंच, पडदे जाड. तिथल्या मुख्य बाई — मी मनात त्यांना पेन्सिलबाई म्हणते — पर्स, पेन, पाण्याची बाटली, सगळं काढून घेतात आणि एक काळी पेन्सिल देतात. जाताना ती मोजून परत घेतात. अर्ध्या बोटाएवढी उरली असली तरी!

वह्या आल्या. नऊ तारखेच्या आधीची आणि नंतरची पानं पांढऱ्या फितीने घट्ट बांधलेली. मधलं तेवढं उघडं. फितीला हात लावलात तर परवाना रद्द, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

पहिला कागद हातात आला तो मुदपाकखान्याचा. 'सकाळी ७.१५. एक अंडे, उकडून. दोन टोस्ट. कॉफी.' आणि कडेला निळ्या पेन्सिलीने, तिरप्या अक्षरात — 'अंडे कच्चे होते. आचाऱ्याला बोलू नये.'

त्यांचं अक्षर! स्वतःचं! मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. ज्या माणसाचं चित्र आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं, त्याला त्या सकाळी कच्चं अंडं मिळालं होतं आणि आचाऱ्याची काळजी वाटली होती.

बुधवार, ५ मार्च

एका माणसाचा एक दिवस किती ठिकाणी सांडलेला असतो! धोब्याच्या वहीत दोन सदरे, एकाच्या कॉलरला शाई. माळ्याच्या चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीत 'हो, पण पिवळी लावा'. ग्रंथालयातून एक नकाशांचं पुस्तक नेलं, ते अजून परत केल्याची नोंद नाही. (पेन्सिलबाईंना सांगावं का? नको. शोधायला निघतील.)

साडेअकराला दाढदुखी, लवंगेचं तेल. दुपारी दोनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासातून निघून सचिवालयात. तिथे शेजारच्या देशाशी नदीच्या पाण्याचा करार. ३.५० ला सह्या सुरू. ४.०१ ते ४.०८ फोटो.

तो फोटो! इतिहासाच्या पुस्तकात होता आमच्या. राष्ट्राध्यक्ष साहेब मधे उभे, दोन्हीकडे पाहुणे, सगळे हसताहेत. आज सकाळी मी ज्या पाण्याचा चहा प्यायले ते त्या सहीने आलेलं पाणी. आणि सही करणाऱ्याची दाढ ठणकत होती.

गुरुवार, ६ मार्च

आज काही नाही. एकदा शिंकले. पेन्सिलबाईंनी असं पाहिलं की शिंक परत घ्यावीशी वाटली.

शुक्रवार, ७ मार्च

आज ती फाइल मागवली. चार दिवस टाळत होते.

हे कधी कागदावर लिहिलं नाही, आज लिहिते. बाबा साहेबांच्या गाडीचे चालक होते. त्या दिवशी साहेबांची थोरली बहीण घरी अत्यवस्थ झाली. आईच्या माघारी तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, सगळा निवास तिला ताई म्हणायचा. निरोप गेला. बाबांनी साहेबांना सचिवालयातून घरी आणलं. पोचले तेव्हा ताई गेलेली होती. चौकशी झाली. सचिवालयातून निघाले ४.१०, निवासाच्या फाटकात ४.५२. रस्ता अर्ध्या तासाचा, लागली बेचाळीस मिनिटं. बारा मिनिटं जास्त. आणि ताई गेली ४.४५ ला. म्हणजे गाडी वेळेत आली असती तर पाच मिनिटं का होईना, भेट झाली असती.

पेपरात छापून आलं. बाबांना सरकारी गोदामाच्या ट्रकवर पाठवलं. आणि आमचं आडनाव बदललं. गल्लीत, शाळेत, वाण्याकडे — बारामिनिटे. 'ती बघ बारामिनिट्यांची पोरगी.' मी सहा वर्षांची होते, दादा दहाचा. मी रडायचे, दादा मारामाऱ्या करायचा. विसाव्या वर्षी तो दुसऱ्या शहरात निघून गेला. वर्षातून दोनदा फोन करतो. बाबांशी "बरे आहात ना" एवढंच.

मी वेळापत्रकं बनवते. उगाच नाही! बारा मिनिटं कुठे जातात हे शोधण्यात माझा जन्म गेला.

फाइलमध्ये बाबांच्या गाडीची नोंदवही होती. त्यांचं तरुणपणीचं अक्षर, टपोरं. 'पोच ४.४०.' त्यावर एक सरळ रेघ. वर लिहिलेलं '४.५२'. बाजूला सही. आणि चौकशीच्या कागदावर एकच ओळ — 'गाडी मी हळू आणली. चूक मान्य.'

लिहून घेतलं असणार! दटावून! मी फाइल मिटली, पुन्हा उघडली. पेन्सिलबाईंनी न विचारता पाण्याचा ग्लास आणून दिला. टेबलापासून चार हात लांब, बाहेरच्या बाकावर. तिथे बसून प्यायले.

सोमवार, १० मार्च

आज जे दिसलं ते आधी नीट लिहिते, मग नाचते.

ताईंची तब्येत बिघडल्याचा फोन निवासातून सचिवालयात गेला. दोन्हीकडे टेलिफोनच्या वह्या आहेत. निवासाच्या वहीत — 'सचिवालयास फोन केला, ३.५०.' सचिवालयाच्या वहीत — 'निवासाहून फोन आला, ३.३८. चिठ्ठी साहेबांच्या हाती दिली, ३.४१.'

म्हणजे फोन करण्याच्या बारा मिनिटं आधी पोचला!

तीनदा वाचलं. मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. पेन्सिलबाईंनी बोट ओठावर ठेवलं, पण पुढे वाकून बघितलंच.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभरात निवास आणि सचिवालय यांच्यात पाच फोन. सचिवालयातून ११.०५ ला केलेला निवासात ११.१७ ला पोचलाय. पोचायला बारा मिनिटं! उलट्या दिशेचे आधीच पोचलेत. पाचही जोड्या, फरक बाराचा. ना अकरा ना तेरा. मला तर वाटलं छातीचे ठोके पेन्सिलबाईंना ऐकू जातील.

ठोके नाही, पण दुसरंच दिसलं त्यांना. दोन्ही वह्यांत, त्याच पाच नोंदींपुढे, बारीक बरोबरच्या खुणा. "हे तुम्ही केलंत?" शपथेवर सांगितलं, नाही. "मग कोणी केलं? चाळीस वर्षांत या वह्या तुमच्याखेरीज कोणी मागवल्या नाहीत." माझी पेन्सिल काढून घेतली. उद्या साधी विनंती करून परत मिळेल म्हणाल्या. चोरटी ठरले! बापाची मुलगी शोभते.

बुधवार, १२ मार्च

पेन्सिल परत मिळाली. आज निवासाच्या घड्याळांना किल्ली देणाऱ्याची वही मागवली. एकोणीस घड्याळं होती त्या घरात, आणि ती चालवायला एक माणूस. कुठलं कधी तेल घातलं, कुठलं मागे पडतं, सगळं बाळांच्या वाढीसारखं लिहिलेलं.

बाकीची पानं फितीत. पण आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली एक आज्ञा उघडीच होती. तारीख त्याच वर्षीच्या जानेवारीची. 'साहेबांना सर्वत्र उशीर होतो. सबब निवासातील सर्व घड्याळे बारा मिनिटे पुढे ठेवावीत. साहेबांना सांगू नये. — खासगी सचिव.'

पुढे! घरातली एकूण एक घड्याळं पुढे! फाटकातलं, डॉक्टरांच्या खोलीतलं, टेलिफोनवरचं. मी तिथेच रडले. आवाज न करता रडता येतं मला, शाळेत शिकले.

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा पुन्हा मांडलं, वेळापत्रकासारखं. निघाले ४.१०, हे सचिवालयाच्या घड्याळात, खरं. पोचले ४.५२, हे निवासाच्या घड्याळात, म्हणजे खरे ४.४०. अर्धा तास. बाबा एक मिनिटही उशिरा नव्हते! त्यांनी आधी लिहिलं होतं तेच बरोबर होतं. आणि ताईसुद्धा खऱ्या वेळेने ४.३३ ला गेलेली. गाडीला पंख लावले असते तरी बाबांच्या हातात नव्हतं.

चौकशी करणारा अधिकारी बाहेरचा. त्याला काय ठाऊक, या घरात वेळ वेगळी आहे ते.

चाळीस वर्षं! उद्या सांगते बाबांना. आज धीर नाही.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं.

दुपारची जेवणं झाली होती. बाबा खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. कुठे जायचं नसतं, तरी दर शनिवारी करतात. मी कागद पुढे ठेवले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. फोन, पाच जोड्या, घड्याळं, ४.४०. मला वाटलं होतं, रडतील. डोक्यावर हात ठेवतील.

त्यांनी बुटावर फुंकर मारली. "हो. पुढेच असायची. बारा मिनिटं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं."

मग त्यांनीच सांगितलं, बुटाकडे बघत, मधे मधे ब्रश फिरवत. आठवेल तसं लिहिते.

"डॉक्टर बाहेर आले, म्हणाले पावणेपाचला गेल्या. साहेबांनी फाटकातल्या घड्याळात आताच बघितलं होतं. हिशेब केला. सात मिनिटं, म्हणाले. पायरीवरच बसले. हातात ती चिठ्ठी. म्हणाले, 'करार सोडून येता येत नव्हतं. पण नंतर फोटोला थांबवलं त्यांनी, आणि मी थांबलो. सात मिनिटं. खिशात चिठ्ठी ठेवून हसत उभा राहिलो.' पुन्हा पुन्हा तेच. एवढा मोठा माणूस, पायरीवर, लहान पोरासारखा. मला बघवेना गं. तोंडातून निघून गेलं — साहेब, तुमच्यामुळे नाही. गाडी मी हळू आणली."

"आणि त्यांना पटलं?"

"गाडीत डोळे मिटूनच होते. हळू की जोरात, काय कळणार? म्हणाले, 'हळू आणलीस?' म्हटलं, हो साहेब, रस्त्यात गर्दी बघून घाबरलो. तेव्हा पहिल्यांदा रडले. तोवर रडता येत नव्हतं त्यांना."

"आणि ४.४० वर रेघ?"

"एकदा बोललो ते बोललो. वही वेगळं सांगत बसली असती."

चौकशीत बाकीचे सचिवांच्या भीतीने गप्प राहिले. बाबा म्हणतात, बरंच झालं, कोणी मधे बोललं असतं तर सगळं फुकट गेलं असतं.

दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले आणि आत जाऊन झोपले.

रविवार, १६ मार्च

राग राग राग. कच्च्या अंड्याचं कौतुक करत बसले होते मी! तो मोठा माणूस, तो मोठा दिवस! आणि मोठा माणूस आमच्या खिडकीत बसून बूट घासत होता, आणि मला वाटायचं, बिचारे, चुकले एकदा.

सकाळी तोंडावर विचारलं, "आणि आम्ही? आमचा विचार आला नाही?" म्हणाले, "तेव्हा नाही आला. नंतर रोज आला." आईला माहीत होतं म्हणे. आई! जी शाळेत येऊन मुख्याध्यापकांशी भांडली होती, 'माझ्या नवऱ्याला नावं ठेवाल तर' म्हणून. सहा वर्षं झाली तिला जाऊन, एका शब्दाने बोलली नाही.

मी म्हटलं, आता पेपरात देते. साहेबही कधीच गेले, आता कोणाला लपवायचं? बाबा म्हणाले, "दिलेलं परत मागायचं नसतं. मी आहे तोवर राहू दे. दादाला सांग हवं तर."

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, "माझ्या लग्नात मी त्यांना तोंडावर बारामिनिटे म्हटलं होतं. मांडवात. तुला माहीत नसेल."

माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

बाबांशी बोलले नाही. त्यांनी माझ्या डब्यात न बोलता पेरू ठेवला. खाल्ला.

मंगळवार, १८ मार्च

दादा आला! न कळवता. दारात उभा, हातात बॅग, पुढे पाऊल टाकेना. बाबा खुर्चीतून उठले. चष्मा लावला. म्हणाले, "उशीर झाला का गाडीला?"

दादा म्हणाला, "बारा मिनिटं."

क्षणभर मला वाटलं, आता काय होतंय. आणि बाबा हसले! पोट धरून. दादाही. हसता हसता कोण कधी रडायला लागलं ते कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं. खूप वर्षांनी तीन.

राग गेला का? पूर्ण नाही. पण बसायला जागा सापडली त्याला.

गुरुवार, २० मार्च

पेन्सिल आणि उरलेले कागद परत करायला गेले. पेन्सिलबाईंनी थांबवलं. खुर्ची दिली! चष्मा काढून म्हणाल्या, "त्या खुणांचं. चूक माझी झाली. भिंगाखाली पाहिल्या. खुणा निळ्या आहेत. इथे निळी पेन्सिल कोणालाच मिळत नाही."

निळी.

मुदपाकखान्याचा कागद त्यांनीच पुन्हा आणला, शेजारी धरला. तोच निळा, तीच तिरपी चाल. साहेबांनीच त्या पाच जोड्या लावल्या होत्या. मी लावल्या तशाच, एकेक करत. पण कधी?

बाईंनी ड्रॉवरमधून परवाना काढला. नवा. माझं नाव त्यांनीच भरलेलं, शिक्काही मारलेला. 'फक्त १० ऑक्टोबर.'

"रजा उद्या संपते ना तुमची? इथे सही करा."

शुक्रवार, २१ मार्च

बाईंनी स्वतः फीत सोडली. घड्याळवाल्याची वही, नऊ तारखेच्या पुढचं पान.

'१० ऑक्टोबर, सकाळ. साहेब स्वतः आले. हातात टेलिफोनच्या दोन्ही वह्या व निळी पेन्सिल. विचारले, घड्याळे किती पुढे? बारा, सांगितले. बराच वेळ उभे होते. म्हणाले, आजच बरोबर करा. मग दारातून परत आले व म्हणाले, मला कळले हे चालकाला सांगू नये.'

बदली तरी थांबवायची होती! थांबवली असती तर साहेबांना कळलंय हे बाबांना समजलं असतं, हे मलाही दिसतंय. तरी.

घरी आले. बाबा आणि दादा खिडकीशी, मधे पेपर.

"आज काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "कोरी पानं."

बाबांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पेपर उलटला.